तांबेकरवाड्याच्या भिंती



शहरोशहरी आता पेठांच्या भिंती रंगवल्या जात आहेत. राजा, राजवाडा, देऊळ आणि एखादी मिरवणूक काढली की पेठेचा वारसा सांगून झाला, असे आपण मानतो. हौस चांगली आहे. परंतु पेठेच्या भिंतीने काय सांगावे, हे पाहायचे असेल तर रावपुऱ्यातल्या तांबेकरवाड्यात जावे.

आपण बडोद्याचे मराठी लोक आपला इतिहास बहुधा १८७५ पासून सांगतो. त्या वर्षी सयाजीराव दत्तक आले. मग १९०६ चे सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, कलाभवन. हा अभिमान रास्तच आहे. त्याआधीचे शंभर-सव्वाशे वर्षांचे बडोदे मात्र आपण दोन वाक्यांत आटोपतो, कारण ते सांगताना जीभ अडखळते. तांबेकरवाडा त्या आधीच्या बडोद्याचा आहे.

भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण होते. गादीवर गणपतराव गायकवाड होते आणि रेसिडेन्सीत जेम्स आउट्रम. लाच देऊन मुंबईपर्यंत वशिले लावण्याच्या प्रकाराला इंग्रजी दप्तराने आपलाच शब्द उचलला : ‘खटपट’. आउट्रमने त्यावर असा कडक अहवाल धाडला की १८५१ मध्ये मुंबई सरकारने त्यालाच बडोद्यातून हलवले. १८५४ मध्ये तो परत आला आणि त्याच वर्षी भाऊंची दिवाणगिरी गेली. दरबाराच्या दिवाणाचे भवितव्य रेसिडेन्सीत ठरावे, असे ते दिवस होते.

आता वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली चित्रे पाहा. महाभारतातले प्रसंग आहेत, कृष्णलीला आहेत. मराठी घरात त्या असायच्याच. त्यांच्याच सोबतीला इंग्रज-मराठे युद्धाची दृश्ये आहेत आणि युरोपीय पेहरावातल्या स्त्रियाही आहेत.

युद्धाच्या चित्रांपाशी थोडे थांबावे. आनंदराव गायकवाडांनी १८०२ मध्ये इंग्रजांशी तह करून कंपनीची फौज पदरी घेतली. पुढच्याच वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले. बडोदे लढले नाही. १८१७ च्या अखेरच्या युद्धातही दरबार इंग्रजांच्या बाजूला राहिला. मराठे आणि इंग्रज यांची लढाई अशा राज्याच्या दिवाणाच्या घरात चितारली गेली, ही साधी गोष्ट नव्हे. चितारणाऱ्याच्या मनात अभिमान होता, हळहळ होती की केवळ त्या काळची आवड, हे भिंत बोलत नाही. पण जे घडले त्याला तिने जागा दिली. ज्यांच्याशी लढाई झाली त्यांच्या स्त्रियाही तिने कौतुकाने रंगवल्या. पेठेचे खरे जगणे असेच सरमिसळ होते : सकाळी पोथी, दुपारी कचेरीत साहेबाचा खलिता, संध्याकाळी भाऊबंदांत जुन्या लढायांच्या गोष्टी.

एक उणीवही दिसते. घराला दिवाणांचे नाव आहे. ज्यांच्या हातांनी ही चित्रे झाली त्यांची नावे रावपुऱ्यात कोणाच्या ओठी नाहीत. ज्या सुतारांनी हे लाकडी खांब उभे केले त्यांचेही तसेच.

वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात संरक्षित आहे. पण भिंतीचे रंग केवळ सरकारी पाटीने टिकत नाहीत. पाणी मुरते, गिलावा सुटतो, आणि शेजारीच त्याकडे पाहीनासे झाले की ऱ्हासाला वेग येतो. रावपुऱ्यातून रोज जाणाऱ्या किती जणांनी वाड्याची पायरी चढली असेल?

तेव्हा उद्या आपल्या पेठेत नवी भिंत रंगवायची ठरली, तर तीवर सयाजीराव अवश्य असावेत. त्यांच्याआधीचा तहही असावा, खटपटही असावी, शेजारचा गुजराती व्यापारी आणि ओझे वाहणारा हमालही असावा. आणि खाली कोपऱ्यात, वाचता येईल अशा अक्षरांत, रंगवणाऱ्यांची नावे असावीत. केवळ गौरवाच्या चित्रात पेठेतली निम्मी माणसे सापडत नाहीत.