एक ऑगस्ट

१ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता. मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांची प्राणज्योत मालवली आणि दिवस उजाडताच शहर रस्त्यावर लोटले. गिरगावच्या चौपाटीवर त्या अफाट जनसमुदायाने त्यांना अखेरचा निरोप दिला. त्याच दिवशी असहकाराचे आंदोलन सुरू झाले. आणि त्याच दिवशी, वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ म्हणून ओळखतो.

हा योगायोग खरा. परंतु या दोन जीवनांना जोडणारा एक धागा योगायोगाचा नाही. तो मुंबईच्या गिरण्यांत कातलेला आहे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, ते आपणांस ठाऊक आहे. त्या संपकऱ्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत.

पुढे अण्णा भाऊ याच मुंबईत गिरणी कामगार झाले. शाळेचे सुख जवळजवळ न लाभलेल्या या लेखकाने अशाच अनाम माणसांना पोवाड्यांतून, कथांतून आणि १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीतून वाणी दिली.

एकाची पुण्यतिथी व दुसऱ्याची जयंती आपण बहुधा निरनिराळ्या सभांतून साजरी करतो. तारखेने मात्र दोघांना एकाच पंक्तीला बसविले आहे.