सोलापूर लोकसभा मतदारसंघ

2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, सोलापूर दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ व पंढरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. यंत्रमाग व विडी कामगारांच्या वस्तीची भवानी पेठ शहर उत्तरमध्ये येते. मतदारांत मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड व उर्दू भाषकही मोठ्या संख्येने आहेत.

इतिहास : 1952 मध्ये द्विसदस्य मतदारसंघ, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज विजयी. पुढे दीर्घकाळ काँग्रेसचे वर्चस्व. 1996 मध्ये लिंगराज वल्याळ यांनी भाजपला पहिला विजय मिळवून दिला. 1998 व 1999 मध्ये निवडून आलेले काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर 2003 ची पोटनिवडणूक भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी जिंकली. 2004 मध्ये सुभाष देशमुख (भाजप), 2009 मध्ये पुन्हा शिंदे.

2014 ते 2024 : 2014 मध्ये केंद्रीय गृहमंत्री असलेल्या शिंदे यांचा भाजपचे शरद बनसोडे यांनी 1,49,674 मतांनी पराभव केला. 2019 मध्ये भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी शिंदे यांच्याविरुद्ध 1,58,608 मतांनी विजयी झाले. वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना 1,70,007 मते मिळाली. मतविभागणीमुळेच शिंदे हरले, असे काही निरीक्षक मानतात. मात्र ही सारी मते काँग्रेसकडे वळली असती, असे गृहीत धरता येत नाही. महास्वामींच्या जातप्रमाणपत्राचा वाद न्यायालयात गेला.

2024 च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कुंभारी येथील रे नगरमधील 15,000 कामगार-घरांचे लोकार्पण केले. या प्रकल्पामागे माकपचे नेते नरसय्या आडम होते. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मात्र काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांना 74,197 मतांनी हरवले. मोहोळ व पंढरपूरने शिंदे यांना मोठे मताधिक्य दिले, तर शहर उत्तरने सातपुते यांना.

मतदान : 18 एप्रिल 2019, 7 मे 2024 (तिसरा टप्पा).

मूल्यमापन : 2024 मध्ये देशभरात भाजपला 240 जागा मिळाल्या, स्पष्ट बहुमत हुकले, राज्यातील 48 पैकी 30 जागा काँग्रेसचा समावेश असलेल्या महाविकास आघाडीने जिंकल्या. सोलापूरचा कौल राज्याच्या कलाशी जुळणारा असला, तरी तो कायमचा बदल मानणे घाईचे ठरते. त्याच वर्षी नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत येथील सहापैकी पाच जागा भाजपने जिंकल्या. मोहोळ राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाकडे गेले.