मोळी आणि वखार: नाशिकच्या हिवाळ्याचं जळण

नाशिकची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला, याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण कडाक्याच्या थंडीनं मणी तडकतात. तरी घराच्या खोल्या गरम करण्याची रीत आपल्याकडे कधी नव्हती. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी असते. आपण आंघोळीचं पाणी तापवलं, शेगडीवर हात शेकले आणि गोधडी ओढून घेतली. त्यामुळे नाशिककरांची हिवाळ्याची तयारी दोन कामांत संपायची: गोधड्यांना ऊन दाखवायचं आणि घरात लाकूडफाटा भरायचा.

हे लाकूड यायचं कुठून? साधा प्रश्न आहे, पण त्याच्या मागे गेलं तर नाशिक जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीचा उल्लेख आला, तेव्हा एका मुलानं विचारलं, "टीचर, अंग्रेज लकड़ी बेचते थे क्या?" वर्ग हसला. त्याच्या ओळखीची वखार म्हणजे लाकडाचीच. कंपनीच्या वखारी म्हणजे व्यापारी मालाची कोठारं, असं मी समजावून सांगितलं. पण मुलाचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. सुरतेला आलेला इंग्रज कापड आणि मसाल्याचा व्यापारी होता हे खरं, पण पुढं दोनशे वर्षांनी त्याचंच सरकार या देशातलं सगळ्यात मोठं लाकूडवालं झालं. ते कसं झालं, ते आपल्या जिल्ह्यात चांगलं दिसतं.

आधी घरातली गोष्ट. नाशिक हे तांब्या-पितळेचं गाव. तांबट आळीत हातोड्यांचा ठणठणाट असायचा आणि तिथं घडलेला तांब्याचा बंब मोठ्या कुटुंबांच्या न्हाणीघरात असायचा. 'बंब' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण वस्तू पुरती आपली झाली. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायला जागा. नळीत वरून ढलप्या टाकायच्या, खालून हवा खेचली जायची आणि तांब्याचा पत्रा आच झटकन पाण्याला द्यायचा. उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा बंबाला जळण कमी लागायचं. मात्र ते बारीक आणि सुकं हवं. जुन्या नाशकात आमच्याकडे बंब होता. दादी बजावायची, "लकड्या सुक्या देखके लाना." ओलं लाकूड धूर करतं, शिवाय वजनात पाण्याचे पैसे द्यावे लागतात.

वखारीत लाकूड मोठ्या काट्यावर मणानं मोजलं जायचं. ४० शेरांचा मण, म्हणजे सुमारे ३७ किलो. २० मणांची खंडी. मेट्रिक मापं आली तरी जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी मण राहिला. जाणकार माणूस दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघायचा. खणखणीत आवाज आला तर सुकं, दबका आला तर ओलं. टोकाला भेगा पडलेल्या आणि साल सुटत असलेली असली की बिनधास्त घ्यावं. बाभळीचा निखारा टिकतो, म्हणून तिला मान. आंबा लवकर पेटतो आणि लवकर विझतो. ज्यांना वखार परवडत नव्हती त्यांच्यासाठी भुशाची शेगडी होती: डब्यात लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मध्ये भोक ठेवायचं. गोवऱ्या, तुरीच्या काड्या, कणसाची बुरकुंडं हेही होतंच.

आणि होती मोळी. डोक्यावर मोळी घेऊन शहरात येणारी बाई.

इथं भाषेच्या शिक्षकाला एक गोष्ट खटकते. उर्दूच्या वाचनपाठात 'लकड़हारा' असतो, मराठीत 'लाकूडतोड्या'. नदीत कुऱ्हाड पडते, सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची कुऱ्हाड वर येते, ती गोष्ट दोन्ही भाषांतल्या मुलांना पाठ आहे. दोन्हीकडे लाकूडतोड्या पुरुष. पण नाशिकच्या रस्त्यावर मोळी पाहिली आहे त्या कोणालाही विचारा, मोळीखाली बाई असते. तिच्याकडे कुऱ्हाड नसते, कोयता असतो. ती झाड पाडत नाही. वाळलेल्या फांद्या, काटक्या, झुडपं गोळा करते, वेलीनं किंवा दोरीनं बांधते आणि चुंबळ ठेवून डोक्यावर घेते. दोन्ही भाषांनी तिच्यासाठी गोष्ट ठेवली नाही.

जवळच्या डोंगरांतलं जळण असं डोक्यावरून यायचं. लांबचं लाकूड गाड्यांनी यायचं, विशेषतः पेठ भागातून सावळ घाट चढून. पेठ आज कोकणा, महादेव कोळी आणि वारली लोकांचा आदिवासी तालुका म्हणून माहीत आहे. ते एकेकाळी स्वतंत्र संस्थान होतं, हे नाशकातल्या थोड्याच लोकांना आठवतं. तिथले राजे दळवी. या घराण्याच्या एका शाखेनं औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, तरी दळवी हे नाव तसंच राहिलं. १८५७ च्या उठावात याच घराण्यातल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिलं. बेगम नूरजहाँ यांना सरकार निवृत्तिवेतन देत असे. १८७८ मध्ये त्या वारल्या, संस्थान खालसा झालं आणि पेठ हा नाशिक जिल्ह्याचा तालुका बनला.

१८७८ हे साल लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी 'भारतीय वन अधिनियम' आला.

त्याआधीचा एक योग असाच आहे. १८६५ मध्ये थळ घाटातला रेल्वेमार्ग सुरू झाला आणि मुंबईची गाडी कसाऱ्याहून इगतपुरीला चढू लागली. पहिला वन कायदाही १८६५ चाच. रुळांखाली स्लीपर लागतात आणि तेव्हा ते लाकडाचे होते. कोळसा महाग पडायचा तिथं इंजिनातही लाकूड जळायचं. जहाजांसाठी सागवान आधीपासूनच हवं होतं. त्यासाठी सुरगाण्याला लागून असलेल्या डांगचं जंगल इंग्रजांनी १८४२ मध्येच भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतलं होतं. लाकडाला मोल आलं आणि मग मालकी ठरवायची वेळ आली.

१८७८ च्या कायद्यानं जंगलांचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव जंगलात परवानगी नसलेलं सगळं मना. संरक्षित जंगलात मना केलेलं सोडून बाकी चालेल. ग्रामवन म्हणजे गावाच्या हाती दिलेलं जंगल, ते बहुतेक कागदावरच राहिलं. गावकरी जे सरपण, चारा, पाला वडिलोपार्जित वहिवाटीनं आणत होते, तो हक्क न राहता सरकारनं दिलेली सवलत झाली. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरांत राहणाऱ्या बाईच्या आयुष्यात याचा अर्थ एवढाच की काल जे जळण होतं, ते आज चोरीचा माल झालं.

इंग्रजांआधी सगळं मोकळं होतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. राज्यसत्तेला लाकूड नेहमीच लागलं आहे. पण नियम कोणाकडे पाहून केला, हे बघावं. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. चारा-दाणा जपून वापरा, रयतेकडून भाजीपाला, गवत, फाटे काही उचलून आणू नका, हवं ते बाजारातून विकत घ्या, असा त्याचा आशय आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत, कारण ती माणसानं लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी समज तिथं दिली आहे. जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून आणि मोबदला देऊन घ्यावं. दोन्ही ठिकाणी बंधन आहे ते लाकूड नेणाऱ्या सत्तेवर. १८७८ च्या कायद्यात बंधन आलं ते काटक्या वेचणाऱ्यावर. मला हा फरक मोठा वाटतो.

हा फरक त्या काळच्या लोकांनाही दिसला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या कायद्याला आक्षेप घेतला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गायरानं आणि डोंगर घशात घातल्याची तक्रार सडेतोडपणे मांडली. ठाणे-कुलाब्याच्या गाऱ्हाण्यांवर सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १९२७ मध्ये नवा वन कायदा आला, तो जुन्याच साच्यातला. राखीव जंगलातला माल पकडला तर त्याबरोबर हत्यारं, गाडी आणि बैलही जप्त करता येतात, अशी तरतूद त्यात आहे. १९३० मध्ये मिठाला किनारा नसलेल्या भागांनी जंगलाचा कायदा मोडला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापलं. २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळीबार होऊन सत्याग्रही मारले गेले. आमच्या जिल्ह्यात बागलाणात जंगल सत्याग्रह झाला. मिठाचा सत्याग्रह मुलांना पाठ असतो. जळणाच्या आणि गवताच्या सत्याग्रहाला पुस्तकात दोन ओळी मिळतात.

स्वातंत्र्यानंतर कायदा तसाच चालू राहिला आणि झाडं कमी होत गेली. १९६४ मध्ये राज्यात वृक्षतोड नियमनाचा कायदा झाला, १९७५ मध्ये शहरांतल्या झाडांसाठी वेगळा झाला. मग उपाय म्हणून बांधावर आणि पडीक जमिनीवर झाडं लावण्याची लाट आली. मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या संस्थेनं सुबाभूळ गावोगाव नेली, १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. सुबाभूळ, निलगिरी आणि बाभूळ वखारींत दिसू लागली. शहरात रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस, मग गिझर आणि गच्चीवरचे सौर हीटर आले. बंब मोडीत गेले, काही हौशी घरांच्या दिवाणखान्यात शोभेला उभे राहिले. उज्ज्वला योजनेनं २०१६ नंतर सिलिंडर पाड्यापर्यंत नेलं. पण तो पुन्हा भरायचा खर्च परवडला नाही की आंघोळीचं पाणी आजही तीन दगडांच्या चुलीवर तापतं, आणि धूर त्याच बाईच्या छातीत जातो. सरपणाचं गुणगान करताना हा धूर विसरू नये.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं एक गोष्ट दुरुस्त केली. गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य झाला आणि त्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि बुंधे यांचा उल्लेख आहे. १८७८ मध्ये गेलेली वहिवाट निदान कागदावर परत यायला १२८ वर्षं लागली.

आता कोणाला हिवाळ्यासाठी लाकूड हवं असेल, मळ्यातल्या बंबाला किंवा शेकोटीला, तर नाशिककरानं डोंगराकडे पाहू नये. जळण आपल्या शेतात आहे. निफाड, दिंडोरीत द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास. एप्रिलच्या काड्या हिवाळ्यापर्यंत वाळून कडक होतात आणि बंबाच्या नळीला नेमक्या मापाच्या असतात. जुनी बाग काढली की खोडं निघतात, ती हळू जळतात. बागेवर औषधांची फवारणी झालेली असते, म्हणून या काड्या पाण्यासाठी वापराव्यात, भाकरीसाठी नकोत. वखारीत जायचं तर बाभूळ मागावी, आणि रंगवलेलं प्लायवूड फुकट मिळालं तरी जाळू नये.

हात पसरण्यापेक्षा दोरी घेऊन लाकडाची मोळी पाठीवर आणावी आणि विकून खावं, हे माणसासाठी चांगलं, अशा अर्थाची एक हदीस आम्हाला लहानपणी शिकवतात. कष्टाच्या भाकरीचं याहून साधं उदाहरण कोणतं? ते काम करणाऱ्या बायकांना आमच्या डोंगरांत कायद्यानं चोर ठरवलं. त्यांच्याच मोळ्यांवर या शहरानं अनेक हिवाळे पाणी तापवलं. तांबट आळीचं नाव नाशिकच्या इतिहासात आहे, वखारवाल्यांच्या पाट्या जुन्या फोटोंत सापडतील. मोळीवालीचं नाव शोधायचं झालं, तर मला एकच जागा सुचते: वनखात्याच्या दंडाच्या पावत्या.