डॉक्टरांनी बांधलेला स्विमिंग पूल

आजची गोष्ट लंडनची आहे, पण सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. दवाखान्यात आपण कधी जातो? काहीतरी दुखलं की. मग तब्येत बरी असताना ती तशीच राहावी म्हणून जायची जागा कोणती?

हा प्रश्न १९२६ साली दोन डॉक्टरांनी फार मनावर घेतला. इनेस पिअर्स आणि जॉर्ज स्कॉट विल्यमसन. दक्षिण लंडनमधल्या पेकहॅममध्ये, कामगार-कारागिरांच्या वस्तीत, त्यांनी एका छोट्या घरात क्लब काढला. शंभरेक कुटुंबं आली, तपासण्या झाल्या. तीन वर्षांत लक्षात आलं, की नुसतं तपासून भागत नाही. माणसांना हातपाय हलवायला, चार लोकांना भेटायला जागाच नाहीये. मग त्यांनी ते घर बंद केलं, पैसे जमवले आणि १९३५ मध्ये एक मोठी इमारत उभी केली : पायोनियर हेल्थ सेंटर.

हेल्थ सेंटर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर बाकडी आणि औषधांचा वास येतो ना? इथे इमारतीच्या मधोमध स्विमिंग पूल होता! ओवेन विल्यम्स या इंजिनियरने पुलाभोवती काचा लावल्या होत्या. कँटीनमध्ये चहा पिता पिता कोण पोहतंय ते दिसायचं.

ही काच नुसती शोभेची नव्हती. विचार करा, पोहता न येणारी बाई रोज तिथे बसते. शेजारीण पाण्यात धडपडते, पुढच्या आठवड्यात चार हात मारते. चॅम्पियनला बघून आपण टाळ्या वाजवतो. शेजारणीला बघून वाटतं, हे तर मलाही जमेल. डॉक्टरांचा भर यावरच होता. सल्ला देऊ नका, संधी समोर ठेवा.

मेंबरशिप अख्ख्या कुटुंबाला मिळायची, आठवड्याला एक शिलिंग. अट अशी, की घर बाबागाडी ढकलत चालत येण्याइतकं जवळ हवं. सुमारे ९५० कुटुंबं सामील झाली. सगळ्यांची नियमित तपासणी व्हायची. जवळपास ९० टक्के लोकांमध्ये काही ना काही दोष सापडला, आणि कित्येकांना त्याचा पत्ताच नव्हता. डॉक्टर फक्त काय आढळलं ते सांगायचे. उपचार बाहेर घ्यायचे, निर्णय तुमचा.

सुरुवातीला पोरांनी नुसता धिंगाणा घातला. तरी स्कॉट विल्यमसन शिस्त लावायला तयार होईनात. पोरांना करण्यासारखं भरपूर द्या, गोंधळ आपोआप थांबेल, असं त्यांचं म्हणणं. मग ल्यूसी क्रॉकर यांनी चिठ्ठ्यांची पद्धत काढली. पूल, जिम, जे हवं त्याची चिठ्ठी मुलाने स्वतः मागून घ्यायची. वर्षाच्या आत गोंधळ थांबला.

सगळंच आदर्श होतं असं नाही. एकट्या माणसाला इथे जागा नव्हती, आणि ज्याला शिलिंग जड जायचा तो बाहेरच राहायचा.

१९३९ मध्ये युद्धामुळे सेंटर बंद पडलं. १९४६ मध्ये पुन्हा उघडलं, पण जेमतेम चार वर्षं चाललं. १९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आली. सगळ्यांना मोफत उपचार, ही खरोखर मोठी गोष्ट. पण तिच्या चौकटीत हे सेंटर बसेना. इथे वर्गणी होती, ठरावीक भागातलेच लोक होते आणि मुख्य म्हणजे आजारावर उपचारच नव्हते. पैसे संपले. १९५० मध्ये कायमचं कुलूप लागलं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे फार लागलं. ज्या गोष्टीला डेटाबेसमध्ये कॉलमच नाही, ती सिस्टिमसाठी नसतेच. आजाराला कॉलम होता. शेजारणीला बघून पाण्यात उतरलेल्या बाईला नव्हता.

ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे फ्लॅट आहेत. त्याच पेकहॅममध्ये १९९८ साली पूल आणि जिम असलेलं ‘पेकहॅम पल्स’ सुरू झालं. म्हणजे कल्पना परत आली, पन्नासेक वर्षं उशिरा.

तर या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या जवळच्या पोहण्याच्या तलावावर एक चक्कर मारा. फी किती, बायकांच्या वेळा कोणत्या, आजी-आजोबांना पाण्यात उतरता येईल अशा पायऱ्या आहेत का, हे बघा. आणि बाहेरच्या माणसाला आत पोहणारं कुणी दिसतं का, की नुसती भिंत? काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!