पश्चिमेचे पारडे

अधूनमधून आपल्या हैदराबादच्या वर्तमानपत्रांत एक छोटीशी सूचना छापून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इथल्या केंद्रातून रात्री-पहाटे मोठे फुगे सोडले जाणार आहेत. त्यांच्याखाली टांगलेली उपकरणे हवाई छत्रीने तेलंगणात, कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात कुठेही उतरू शकतात. कोणाला सापडल्यास उघडू नयेत, वर लिहिलेल्या पत्त्यावर कळवावे. आमच्याकडे ही सूचना मोठ्याने वाचली जाई, कारण जिल्ह्यांच्या यादीत आमच्या आजोळचाही जिल्हा असे. आजोबांच्या शेतात कधी काही पडले नाही. पण ‘हे फुगे आपल्याच गावातून का?’ हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

त्याचे एक उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वात आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिथे चुंबकीय क्षेत्राची ढाल सर्वांत भक्कम असते. कमी ऊर्जेचे विश्वकिरण ती ओलांडू शकत नाहीत. आकाशातला हा गलबला कमी झाला की नाजूक मोजमापे करणे सोपे जाते. मात्र अशी ढाल आहे आणि ती विश्वकिरणांना अडवते, हेच एकेकाळी मोठ्या वादाचे कारण होते.

व्हिक्टर हेस 1912 साली फुग्यात बसून पाच हजार मीटरच्या वर गेला, तेव्हा वर जावे तसा किरणांचा मारा वाढतो असे त्याला आढळले. हे किरण म्हणजे काय? अमेरिकेतील रॉबर्ट मिलिकन म्हणत, हा प्रकाशाचाच एक अतितीव्र प्रकार. ‘विश्वकिरण’ हे नावही त्यांचेच. आर्थर कॉम्प्टन म्हणत, नाही, हे विद्युतभारित कण आहेत. दोघेही नोबेलविजेते, दोघेही हट्टी. कॉम्प्टन यांनी 1932 मध्ये जगभर ठिकठिकाणी उपकरणे पाठवली आणि विषुववृत्ताकडे जावे तसे किरण कमी होतात हे दाखवले. प्रकाशाला चुंबक वळवू शकत नाही. तेव्हा हे कणच असणार. पण भार धन की ऋण? ते किती किरण आले यावरून कळत नव्हते. ते कुठून आले, हे पाहायला हवे होते.

इथे ब्रूनो रॉसी येतो. फ्लॉरेन्सचा हा पंचविशीतला तरुण. त्याने 1930 मध्येच लिहून ठेवले होते की कण धनभारित असतील तर ते पश्चिमेकडून अधिक येतील, ऋणभारित असतील तर पूर्वेकडून. हिशेब मोठा चमत्कारिक आहे. विषुववृत्तावर क्षितिजालगत पश्चिमेकडून शिरायला धन कणाला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळजवळ सहापट पूर्वेकडून लागतो. एकच घर, पण एक दार नुसते लोटलेले आणि दुसऱ्याला आडणा.

दिशा मोजण्याची युक्ती साधी होती. दोन गायगर नळ्या एका रेषेत ठेवायच्या आणि दोन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच नोंद करायची. म्हणजे त्या रेषेतून आलेला कणच मोजला जातो. त्यासाठीचे विद्युतमंडल रॉसीनेच सुधारले होते. त्याने फ्लॉरेन्सजवळ ही दुर्बीण पूर्वेला, मग पश्चिमेला कलवून पाहिली. फरक दिसला नाही. फ्लॉरेन्स फार उत्तरेला आणि फार सखल. त्याला विषुववृत्ताजवळचे उंच ठिकाण हवे होते. इटलीच्या ताब्यातल्या एरिट्रियात अस्मारा होते, पण तिथे जाण्याची जमवाजमव होईपर्यंत 1933 उजाडले.

तोवर मेक्सिको सिटीत काम उरकले होते. मान्वेल सांदोव्हाल व्हायार्ता हा मूळचा तिथलाच भौतिकशास्त्रज्ञ. त्याने लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूबरोबर कणांच्या वाटांचे गणित केले होते. आपले गाव उंचावरचे आणि पुरेसे दक्षिणेचे आहे, तिथे मोजा, हे त्याचेच सांगणे. कॉम्प्टन यांनी लुई अल्वारेझ या आपल्या विद्यार्थ्याला पाठवले. अल्वारेझने हॉटेलच्या गच्चीवर गवंड्याच्या एकचाकी गाडीत दुर्बीण ठेवली आणि ठरावीक वेळाने गाडीच फिरवत राहिला: आता पूर्व, आता पश्चिम. उपकरणातला दोष दोन्ही बाजूंना सारखाच वाटला जावा, म्हणून ही धडपड. मला त्या लाखमोलाच्या गणितापेक्षा ही गाडीच जास्त आवडते. त्याच सुमारास थॉमस जॉन्सनही त्याच शहरात मोजत होता. दोघांनाही पश्चिमेचे पारडे सुमारे दहा टक्क्यांनी जड आढळले. कण धनभारित होते. इलेक्ट्रॉनची अपेक्षा धरणाऱ्यांना हा धक्काच होता. बहुतेक कण प्रोटॉन आहेत हे नक्की व्हायला 1941 उजाडले.

रॉसी अस्माराला पोहोचला आणि त्याला मेक्सिकोहूनही ठळक फरक मिळाला. पण भाकीत त्याचे असूनही शोध आधी दुसऱ्यांच्या नावे छापला गेला होता. पुढे 1938 मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी, ज्यू म्हणून, त्याची पादुआची प्राध्यापकीही गेली आणि त्याला देश सोडावा लागला.

अस्मारात त्याने आणखी एक गोष्ट टिपली होती. एकमेकींपासून दूर ठेवलेल्या नळ्याही मधूनच एकदम वाजत, जणू कणांची सरच कोसळावी. त्याने तसे लिहिले आणि सोडून दिले. तेच 1938 मध्ये पॅरिसला पिएर ओझेने सविस्तर तपासले, आणि श्रेय त्याला गेले.

अशाच सरी आज उटीला मोजल्या जातात. टाटा संस्थेच्या ‘ग्रेप्स-3’ या प्रयोगात सुमारे चारशे शोधक एकमेकांपासून आठ मीटरवर मांडलेले आहेत. सर कोणत्या शोधकावर किती अब्जांश सेकंद आधी पोहोचली, यावरून ती कुठून आली हे काढतात. शेजारच्या म्युऑन दुर्बिणीने 22 जून 2015 रोजी दोन तास किरणांची एकाएकी झालेली वाढ पाहिली. सूर्याकडून आलेल्या वादळाने ढाल तेवढा वेळ दुबळी झाली होती. अब्जावधी सरींचा हिशेब मांडल्यावर आकाशात दोन पट्टे सापडले आहेत, जिथून दहा हजारांमागे काही मोजके किरण जास्त येतात. दीर्घिकेतल्या चुंबकीय क्षेत्रांत वर्षानुवर्षे भरकटून आलेल्या कणांना ही दिशा कशी उरली, त्यावर उटीत अजून काम चालू आहे.