अकिलीस टेंडन: टाचेमागची जाड शीर तुटते तेव्हा

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही कंडरा शरीरातली सर्वांत जाड व मजबूत. आपण तिला 'शीर' म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नाही, तंतूंची दोरी आहे. टाचेच्या वर २ ते ६ सेंमी भागात तिला रक्तपुरवठा कमी असतो. बहुधा ती तिथेच तुटते.

बॅडमिंटन खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, 'फट्' आवाज येतो. वळून पाहावे तर मागे कोणीच नसते! नंतर लंगडत का होईना चालता येते, पाऊल थोडे खाली दाबताही येते, एक्स-रेत हाड शाबूत दिसते. मग 'मुरगळले असेल' म्हणून लेप आणि मालीश यांत आठवडे जातात. तोवर तुटलेली टोके दूर सरकतात आणि उपचार अवघड होतात.

डॉक्टर तुम्हाला पालथे झोपवून पोटरी दाबतात. पाऊल हलले नाही, तर कंडरा पूर्ण तुटल्याची दाट शक्यता असते. दुखापत ताजी असल्यास पाऊल खाली झुकवून प्लास्टर घालतात किंवा शस्त्रक्रिया करतात.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेताना टाचेमागे दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. वय ६० च्या पुढे असेल किंवा सोबत स्टिरॉइड चालू असेल, तर धोका अधिक.