अपघातोत्तर प्लीहा-ऊतीचे स्वप्रत्यारोपण : कुर्ला परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

डाव्या बरगड्यांखाली असलेल्या प्लीहेला मराठीत पाणथरी असे म्हटले जाते. चरकसंहितेने यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूळस्थाने मानली होती. आधुनिक शस्त्रक्रियेने मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, ‘नसला तरी चालणारा अवयव’ अशीच तिची गणना केली. अपघातात फाटलेली प्लीहा काढून टाकणे हा तेव्हाचा सर्वमान्य उपचार होता. हे मत कसे बदलले आणि शरीरात पुन्हा रुजविलेल्या प्लीहा-ऊतीच्या दीर्घकालीन कार्याविषयी काय निष्पन्न झाले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हिवताप आणि पाणथरी

वसाहतकालीन भारतात हिवतापाने वाढलेली पाणथरी हा केवळ वैद्यकाचा विषय नव्हता. आग्र्याच्या फुलर खटल्यात, युरोपीय मालकाने मारलेल्या मोतद्दाराचा मृत्यू प्लीहा फाटल्याने झाला आणि आरोपीला केवळ ३० रुपये दंड झाला. या निकालावर व्हाइसरॉय लिटन यांनी १८७६ मध्ये जाहीर नापसंती व्यक्त केली. दुर्बल पाणथरी ही जणू मृताचीच चूक, असा अर्थ अशा निकालांतून निघत असे. मुंबईच्या हिवतापावरील चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला व शहरातील विहिरींमध्ये वाढणाऱ्या डासांकडे त्याने लक्ष वेधले. त्या काळात मुलांच्या वाढलेल्या पाणथरीवरून एखाद्या वस्तीतील हिवतापाचे प्रमाण मोजले जाई.

लोहमार्ग आणि आघात

३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवरील रेल्वेगाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धावली. पुढे मध्य व हार्बर मार्गांचे जंक्शन असलेल्या या गिरणी-कारखान्यांच्या उपनगरात गर्दीही वाढली आणि अपघातही. १९४७ मध्ये सुरू झालेले शीव येथील रुग्णालय अशा जखमींचा मोठा आधार ठरले. पोटावरील आघातात प्लीहा हा सर्वाधिक दुखावणाऱ्या अवयवांपैकी एक होय. त्यामुळे तिच्याविषयीची बदलती मते अशा परिसरात थेट जीविताशी निगडित होती.

मतपरिवर्तन

१९५२ मध्ये किंग व शुमेकर यांनी प्लीहा काढलेल्या अर्भकांना झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद केली आणि ‘निरुपयोगी अवयव’ ही समजूत डळमळली. रक्तातील न्यूमोकॉकससारखे जंतू गाळण्याचे व प्रतिपिंडे निर्माण करण्याचे काम प्लीहा करते. टोरांटो येथे उपाध्याय व सिम्प्सन यांनी १९६८ मध्ये लहान मुलांतील प्लीहा-आघाताविषयी लिहिले. प्लीहा वाचविण्याच्या उपचारपद्धतीच्या इतिहासात या लेखनाला महत्त्वाचे स्थान आहे. यांपैकी पुरुषोत्तम उपाध्याय हे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नामवंत बालशल्यविशारद होत.

१९७८ मध्ये हॉवर्ड पीअर्सन व सहकाऱ्यांनी आघातामुळे प्लीहा काढलेल्या २२ मुलांचे रक्त तपासले. त्यांपैकी १३ जणांत प्लीहेचे कार्य काही अंशी परतल्याची खूण आढळली. फुटलेल्या प्लीहेचे कण पोटात विखरून आपोआप रुजले होते. या अवस्थेला ‘स्प्लेनोसिस’ हे नाव १९३९ मध्येच मिळाले होते. निसर्ग जे करतो ते शल्यविशारदाने हेतुपूर्वक करावे, या विचारातून प्लीहेच्या चकत्या आतड्यांपुढील चरबीयुक्त पडद्यात, म्हणजे ओमेंटममध्ये, ठेवण्याची पद्धत पुढे आली.

रुजलेल्या ऊतीचे कार्य

प्रत्यारोपित चकतीचा मधला भाग प्रथम मृत होतो. कडेच्या जिवंत पेशींपासून पुढील आठवड्यांत व महिन्यांत नवी ऊती तयार होते. काही वर्षांनंतरही किरणोत्सारी चित्रणात ती दिसते आणि सदोष तांबड्या पेशी काही प्रमाणात गाळते. तथापि मूळ प्लीहेची धमनी तिला नसल्याने रक्तपुरवठा मर्यादित राहतो. पोटात अशी ऊती असूनही जंतुसंसर्गाने मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ऊती ‘असणे’ आणि तिने ‘रक्षण करणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष

प्लीहा निरुपयोगी ठरली, कारण रुग्ण शस्त्रक्रियेतून उठून घरी जात असे. धोका पुढे, कधी कधी अनेक वर्षांनी येई. प्रत्यारोपणाच्या यशाचा निवाडाही रुग्ण घरी गेल्याच्या दिवशी होऊ शकत नाही. म्हणून शक्य तेथे मूळ प्लीहा वाचविणे हाच पहिला पर्याय राहतो. ती काढावी लागली, तर ऊती रुजविली असली तरी लसीकरण, ताप येताच त्वरित उपचार आणि हिवतापापासून बचाव यांना पर्याय नाही. २०१० मध्ये हिवतापाची मोठी साथ अनुभवलेल्या मुंबईत ही शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. कुर्ल्यासारख्या परिसरात भाड्याचे घर बदलते, कागद हरवतात, जुनी शस्त्रक्रिया विस्मरणात जाते. अशा वेळी ‘प्लीहा काढली आहे’ ही एका ओळीची नोंद रुग्णाच्या हाती कायम असणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.